आधी मोजावे, मग मोडीत काढावे

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु अंथरुणाची लांबी कशी पाहावी, हे ती म्हण सांगत नाही. आपल्या पूर्वजांना ते सांगण्याची आवश्यकताही नव्हती. पेडणे आणि डिचोली या महालांतील जुना शेतकरी वायंगणाचे पीक घ्यावयाचे की नाही हे ठरविण्यापूर्वी बंधाऱ्यावर जाऊन पाणी किती उरले आहे ते पाहून येई. कणगीत किती कुडव भात शिल्लक आहे, ते येत्या पावसाळ्यापर्यंत पुरेल की नाही, हे घरच्या गृहिणीला कोणास न विचारता सांगता येई. गावकारीच्या वह्यांत शेतांचा, बांधांचा आणि उत्पन्नाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला. ज्याच्यावर आपले पोट अवलंबून आहे त्याचे माप आपल्याला ठाऊक असले पाहिजे, हा व्यवहार येथल्या मातीत मुरलेला आहे.

असे असूनही, आज ज्या एका वस्तूवर आमच्या मुलांचे शिक्षण दिवसेंदिवस अधिक अवलंबून राहू लागले आहे, तिचे माप घेण्याची कल्पना मात्र आम्हांस सुचत नाही. ही वस्तू म्हणजे संगणक. शाळेच्या संगणक-कक्षात तास सुरू झाला की तीच ती वाक्ये कानी पडतात : ‘हा फार मंद आहे’, ‘तो अडकला’, ‘ह्याला काहीतरी झाले आहे’. काय झाले आहे, हे कोणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर उत्तरे अंदाजाने येतात. कोणी म्हणतो यंत्र जुने झाले, कोणी म्हणतो त्यात विषाणू शिरला, कोणी म्हणतो विजेचा दाब कमी आहे. एखादा चतुर विद्यार्थी संगणकाच्या पेटीवर थाप मारून पाहतो! नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण माणसाबद्दल म्हणतो. येथे अंगण खरोखर वाकडे आहे की काय हेही कोणी ओळंबा लावून पाहिलेले नसते.

आमचे मत थोडक्यात असे आहे. संगणक मंद आहे अशी तक्रार करण्यापूर्वी, तो दुरुस्तीस पाठविण्यापूर्वी, आणि विशेषतः तो निरुपयोगी ठरवून मोडीत काढण्यापूर्वी, त्याच्याजवळ काय आहे व त्यातले किती खर्च होत आहे याचे मोजमाप व्हावयास पाहिजे. हे मोजमाप बाहेरच्या तंत्रज्ञाने न करता शाळेतील मुलांनी, स्वतः लिहिलेल्या आठ-दहा ओळींच्या आज्ञावलीने, म्हणजे जिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात तिच्या साहाय्याने करावे. हे अवघड नाही, त्याला पैसा लागत नाही, आणि त्यातून होणारे शिक्षण पुष्कळशा पाठांतराहून मोलाचे आहे.

हा विषय आताच मांडण्यास कारण घडले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. नव्या ‘विंडोज ११’ साठी किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण, ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीत असलेला प्रोसेसर लागतो. पुष्कळ जुने संगणक चालू स्थितीत असूनही या अटींत बसत नाहीत. तेव्हा अनेक शाळांपुढे आणि घरांपुढेही एकच प्रश्न उभा आहे : हे संगणक टाकून द्यावयाचे काय? आमचे उत्तर असे की, या प्रश्नाचे उत्तर मापानंतर द्यावे, आधी देऊ नये.

आता मोजावयाचे ते काय, हे पाहू. यासाठी स्वयंपाकघराचे उदाहरण पुरेसे आहे. स्वयंपाक करणारी व्यक्ती म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. सगळे काम तिच्या हातून होते. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये दोन, चार किंवा अधिक ‘कोअर’ असतात, म्हणजे स्वयंपाकघरात जणू दोघी-चौघी जावा एकाच वेळी काम करीत असतात. चुलीशेजारचा ओटा म्हणजे रॅम. चिरलेली भाजी, वाटलेला मसाला, खवलेला नारळ, हे सारे हाताशी असावे म्हणून ओट्यावर मांडलेले असते. आणि आतली कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क. तेथे वर्षाचे धान्य, लोणची, आमसुले साठवलेली असतात. ओटा लहान पण जवळ, कोठी मोठी पण लांब. यज्ञोपवीताचा समारंभ असो वा चतुर्थीचा स्वयंपाक असो, काम रखडले तर कारण या तिघांपैकी कोठेतरी असते : माणसे कमी पडतात, ओटा भरून जातो, नाहीतर कोठीत पाय ठेवण्यास जागा उरत नाही.

ओटा भरला की काय होते? हाताशी लागणाऱ्या वस्तू काही वेळ कोठीत नेऊन ठेवाव्या लागतात आणि पुन्हा आणाव्या लागतात. संगणकही नेमके हेच करतो. याला ‘स्वॅप’ म्हणतात. रॅममधील माहिती प्रोसेसरच्या हाती येण्यास सेकंदाचा सुमारे एक कोट्यांश भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरील माहिती शोधून आणण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. दोहोंत सुमारे एक लक्ष पटींचे अंतर आहे. म्हणजे ओट्यावरची वस्तू उचलण्यास ज्याला एक सेकंद लागतो, त्याला कोठीतून तीच वस्तू आणण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागावा, असा हा हिशेब झाला! मग रॅम भरलेला संगणक कासवाच्या गतीने चालला तर त्यात नवल ते कोणते? त्याचा प्रोसेसर म्हातारा झालेला नसतो; तो बिचारा कोठीच्या दाराशी वाट पाहत उभा असतो.

ही मापे घेण्याची साधने प्रत्येक संगणकात आधीच असतात. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो आणि त्यात आकडे दिसतात. परंतु आम्ही येथे लिनक्स या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेतो, कारण तीत हे आकडे कोठून येतात हेही मुलांना पाहता येते. लिनक्सचा आरंभ १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. गोमंतकातील शाळांना ही प्रणाली अगदीच नवखी नाही. या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या साहाय्याने आलेले जुने संगणक येथील कित्येक शाळांत हिच्याच बळावर चालविले गेले होते.

स्क्रिप्ट म्हणजे एका साध्या मजकुराच्या फाइलीत एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञा. संगणक त्या वरून खाली क्रमाने पाळतो. आमच्या घरची भाषा कोंकणी, तेव्हा या फाइलीला ‘मेजप’, म्हणजे मोजणे, असे नाव द्यावे असे आम्हांस वाटते. लिनक्सला देवनागरीतले नाव चालते. पहिली ओळ ‘डेट’ : ती आजची तारीख व वेळ लिहिते, कारण तिथीवाचून केलेली नोंद निरर्थक असते. दुसरी ‘होस्टनेम’ : हा कोणता संगणक, हे ती सांगते. तिसरी ‘एनप्रॉक’ : प्रोसेसरचे कोअर किती, म्हणजे स्वयंपाकघरात माणसे किती, हे ती सांगते. चौथी ‘अपटाइम’ : संगणक किती वेळ चालू आहे आणि त्याच्यावर कामाचा भार किती आहे, हे ती सांगते. पाचवी ‘फ्री’ : ओट्याची स्थिती दाखवते. सहावी ‘डीएफ’ : कोठीची स्थिती दाखवते. आणि सातवी ‘पीएस’ : चालू असलेल्या कामांची यादी, ज्याने सर्वांत अधिक रॅम व्यापली आहे त्याला वर ठेवून, देते, तिच्यातील पहिल्या पाच ओळी पुरेत. एवढ्या सात ओळींत संगणकाची नाडी हाती लागते.

मात्र नाडी हाती लागली म्हणजे रोग कळला असे होत नाही. आकडे वाचता आले पाहिजेत. खरे शिक्षण येथेच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

‘अपटाइम’ तीन आकडे देते. ते अनुक्रमे गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांतील भाराची सरासरी असते. केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. समजा, एका वेळी चार गाड्या तीत मावतात. धक्क्यावर दोनच गाड्या असतील तर बोट अर्धी रिकामी. चार असतील तर ती भरली. आणि नऊ असतील तर पाच गाड्यांना थांबणे भाग. संगणकाचे कोअर चार आणि भाराचा आकडा चार, तर यंत्र पुरते कामात आहे. आकडा नऊ, तर कामे खोळंबली आहेत. पण दोनच कोअर असलेल्या संगणकावर चार हा आकडा संकटाचा ठरतो. म्हणून नुसता आकडा चांगला किंवा वाईट नसतो. तो कशाच्या तुलनेत पाहावयाचा हे ठाऊक असावे लागते. शिवाय तिन्ही आकड्यांचा कल पाहावा. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी नुकतीच वाढली आहे. पहिला लहान आणि तिसरा मोठा असेल तर ती ओसरत आहे. लिनक्सच्या या मोजणीत डिस्कच्या उत्तरासाठी ताटकळत असलेली कामेही धरलेली असतात. त्यामुळे भार मोठा असूनही प्रोसेसर मोकळा दिसत असेल, तर दोष बहुधा डिस्ककडे आहे असे समजावे.

‘फ्री’च्या तक्त्यात नवशिका हमखास फसतो. ‘फ्री’ या स्तंभाखालील आकडा अगदी थोडा दिसतो आणि रॅम संपली असे त्याला वाटते. वस्तुतः लिनक्स रिकामा ओटा वाया जाऊ देत नाही. पुन्हा लागतील अशा वस्तू तो तेथे मांडून ठेवतो, आणि नवे काम आले की त्या तत्काळ बाजूला करतो. यास्तव ‘अव्हेलेबल’, म्हणजे मागितल्यास मिळू शकणारी जागा, हा स्तंभ पाहावयाचा असतो. हा अंदाज लिनक्सच्या गाभ्यातच २०१४ पासून दिला जाऊ लागला. रिकामी जागा आणि उपलब्ध जागा यांतील हा भेद ज्या मुलाला समजला, त्याला पुढे पेढीचा ताळेबंद किंवा घराचा अंदाजपत्रकी खर्च समजण्यास वेळ लागणार नाही.

हे आकडे येतात तरी कोठून? लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचे एक दालन असते. त्यातील ‘मेमइन्फो’ ही फाइल उघडली की रॅमचा सगळा जमाखर्च ओळीने दिसतो. गंमत अशी की ही फाइल डिस्कवर कोठेच लिहिलेली नसते. आपण ती वाचावयास घेतली की त्या क्षणी संगणकाचा गाभा ती आपल्यासाठी तयार करून देतो. ‘फ्री’ ही आज्ञा हीच फाइल वाचून आपला तक्ता मांडते. यंत्र आपला हिशेब लपवीत नाही, विचारणारा पाहिजे.

आता काही निदाने करून पाहू. समजा, एका संगणकाचे कोअर चार आहेत, भार अर्ध्याहूनही कमी, डिस्क तीस टक्के भरलेली, पण रॅम चार गिगाबाइट असून तीत फक्त तीनशे मेगाबाइट उपलब्ध आहे आणि स्वॅपमध्ये दीड गिगाबाइट जाऊन बसले आहेत. याला नवा संगणक नको; थोडी अधिक रॅम किंवा कमी रॅम मागणारी प्रणाली हवी. दुसऱ्याचे सगळे ठीक, पण डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली; याला केवळ झाडलोट हवी. तिसऱ्याच्या दोन कोअरवर भार नऊ, आणि यादीत एकच बहकलेले काम सगळ्यांच्या वर. ते बंद केले की यंत्र शांत होईल. चौथ्याचे सर्व आकडे निर्दोष, तरी संकेतस्थळे उघडत नाहीत. मग दोष संगणकात नाही, तारेत किंवा जोडणीत आहे. चौघांबद्दल मुलांची तक्रार मात्र एकच होती : ‘मंद आहे’. मापावाचून चौघेही एकाच गाडीतून भंगारात गेले असते.

साठवण भरल्याने काय अनर्थ होतो याचे एक थोर उदाहरण मंगळावर घडले आहे. अमेरिकेचे ‘स्पिरिट’ नावाचे फिरते यान जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरले. तीन आठवडे होण्यापूर्वीच, २१ जानेवारीस, त्याचा पृथ्वीशी नीट संपर्क होईनासा झाला. त्याचा संगणक पुन्हापुन्हा बंद पडून चालू होत होता. कारण असे निघाले की त्याच्या साठवणीत फाइलींची संख्या फार वाढली होती, आणि त्यांची यादी हाताळण्यास रॅम पुरत नव्हती. यान मोडले नव्हते, त्याची चाके शाबूत होती. त्याची कोठी अडगळीने भरली होती, एवढेच. शास्त्रज्ञांनी कोट्यवधी किलोमीटरांवरून ती साठवण वगळून संगणक चालू केला, नको त्या फाइली काढून टाकल्या, आणि ते यान पुढे २०१० पर्यंत काम करीत राहिले. जे यान हातात घेऊन पाहता येत नव्हते ते त्यांनी निदान करून वाचविले. आमच्या प्रयोगशाळेतील संगणक तर टेबलावर, हाताच्या अंतरावर आहे!

दुसरे उदाहरण याहून जुने. २० जुलै १९६९ या दिवशी अपोलो ११ चे चांद्रयान चंद्रावर उतरत असता त्याच्या संगणकाने ‘१२०२’ हा धोक्याचा अंक दाखविण्यास आरंभ केला. त्या संगणकाची बदलती स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे त्याच्यावर झेपेल त्याहून अधिक काम पडले होते. परंतु त्याची आज्ञावली अशी रचलेली होती की, भार वाढला तर कमी महत्त्वाची कामे सोडून द्यावी आणि उतरण्याचे काम चालू ठेवावे. पृथ्वीवरील नियंत्रकांनी अशा अंकांचे अर्थ आधीच टिपून ठेवले होते. म्हणूनच त्यांना काही सेकंदांत ‘पुढे चला’ असे सांगता आले. अंकाचा अर्थ ठाऊक नसता तर मनुष्याचे चंद्रावरील पहिले पाऊल त्या दिवशी पडले नसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

मर्यादा जाणणे म्हणजे दुबळेपणा, अशी काहींची समजूत असते. डिचोलीच्या मुलांना तरी असे वाटू नये. सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरणाऱ्या बार्जी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की बार्ज पाण्यात कोठवर बुडवावयाची याला सीमा असते. जहाजांच्या कुशीवर अशी भाररेषा रंगविण्याची सक्ती इंग्लंडात सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या खटपटीने १८७६ च्या कायद्याने झाली; तोवर अतिभारित जहाजे खलाशांसह बुडत असत. आपल्या गोव्यातील खनिजाच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. तो आकडा थोडा की फार याविषयी मते भिन्न असतील; परंतु मर्यादेचा प्रश्न मापाच्या भाषेत बोलला गेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. डोंगराला, नदीला, बार्जीला आणि संगणकाला, प्रत्येकाला आपली भाररेषा असते. ती पाहून भार घालणारा पैलतीरास जातो.

आमच्या सूचनेवर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. त्यात ही भर कशाला? याचे उत्तर असे की, ही नवी भर नव्हेच. गोवा शासनाने २०२१ साली शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकविण्याची योजना सुरू केली. मुले आज्ञावली लिहिण्यास शिकत आहेत. त्यांच्या पाठात पडद्यावरची मांजर चालते, दिवे लुकलुकतात. तेही योग्यच आहे. पण ज्या आज्ञावलीचे उत्तर आपल्या वर्गाच्या उपयोगी पडते, ती लिहिण्यात मुलाला वेगळाच हुरूप येतो. वहीतील त्रैराशिक आणि बाजारातील त्रैराशिक यांत जे अंतर, तेच येथे.

दुसरा आक्षेप असा की, रंगीत आलेख काढणारी तयार साधने असता हाताने सात ओळी कशाला लिहावयाच्या? एक तर मोजण्याचे साधनही संगणकाचाच साठा खर्च करते. जे साधन दिवसभर चालू राहून रॅम अडवते, ते दुबळ्या यंत्रावर रोग्याच्या छातीवर बसून नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे ठरते. लहान स्क्रिप्ट क्षणात चालते, लिहावयाचे ते लिहिते आणि निघून जाते. दुसरे असे की, तयार साधन उत्तर देते, परंतु प्रश्न शिकवीत नाही. स्वतः लिहिलेल्या सात ओळींतील एकेक ओळ काय विचारते, हे लिहिणाऱ्याला सांगता आलेच पाहिजे. म्हणूनच दुसऱ्या कोणाची न समजलेली स्क्रिप्ट उतरवून घेऊन चालविणे आम्ही निषिद्ध मानतो. अशी ओळ मोजण्याऐवजी पुसूनही टाकू शकते. वर दिलेल्या सातही आज्ञा केवळ वाचतात, काही बदलीत नाहीत. त्यांना सर्वाधिकार देण्याची गरज नाही आणि देऊही नयेत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोजल्याने यंत्र थोडेच वेगवान होते? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? हे खरे आहे. पुष्कळ संगणक मोजूनही जुनेच राहतील, आणि काही खरोखरच टाकावे लागतील. ज्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत अशी प्रणाली महाजालाशी जोडून ठेवावी, असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु आडात किती आहे हे पाहिल्याखेरीज आड कोरडा आहे असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. कोणत्या संगणकावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती चालेल, कोणाला रॅमची एक पट्टी घालून उठविता येईल, कोणाची फिरती डिस्क बदलून ‘एसएसडी’ बसविणे पुरेल, आणि कोणाला निरोप द्यावयाचा, हे माप सांगेल. निरोपही विधिपूर्वक हवा. संगणकात शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असतात. ई-कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पावसात गंजत पडलेला संगणक हा ओहोळाच्या पाण्याशी केलेला अपराध आहे.

आमची प्रत्यक्ष सूचना अशी. प्रत्येक शाळेने जसा हजेरीपट ठेवला आहे तसा संगणकांचा एक पट ठेवावा. आठवी-नववीचे दोन विद्यार्थी दर आठवड्यास पाळीपाळीने निवडावेत. त्यांनी प्रत्येक संगणकावर ‘मेजप’ चालवून तिथीनिशी नोंद करावी. ताप एकदा मोजून भागत नाही, तक्ता ठेवावा लागतो. तसेच हे आहे. पुढे मुले तयार झाली की हेच काम ‘क्रॉन’ नावाच्या व्यवस्थेकडे सोपवावे; ती ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालविते. नोंदीत यंत्राचे आकडे असावेत, मुलांची नावे किंवा कोण काय उघडून बसला होता हे असू नये. मोजणी ही मोजणीच राहावी, तिचा पहारा होऊ नये. दुरुस्तीची किंवा नव्या संगणकांची मागणी करताना मुख्याध्यापकांनी या पटाचा उतारा अर्जास जोडावा. ‘संगणक चालत नाहीत’ या वाक्यापेक्षा ‘बारापैकी सात संगणकांस रॅम अपुरी आहे’ या वाक्याला कोणत्याही कचेरीत अधिक वजन येते. आणि पेडणे व डिचोली येथील शेजारच्या शाळांनी आपापले पट एकमेकींस दाखविले, तर एका शाळेतील बंद पडलेल्या यंत्राची रॅम दुसऱ्या शाळेतील उपाशी यंत्रास, दोन्ही एकाच जातीच्या असल्यास, देता येईल. परस्पर साहाय्याची ही रीत गावकारीच्या भूमीत नवी वाटू नये.

पालकांसही दोन शब्द. मुलांसाठी घरात आलेला लॅपटॉप किंवा भ्रमणध्वनी पुष्कळदा आखातातील किंवा बोटीवरील कष्टाच्या पैशांतून आलेला असतो. तो मंदावला की ‘नवा घ्या’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. खर्चापूर्वी आपल्या मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारावे : ‘बाळा, मोजून पाहिलेस काय?’ भ्रमणध्वनीतही साठवण किती भरली हे सेटिंग्जमध्ये दिसते. रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभाताच्या फुलांनी आणि वर्षभराच्या चलचित्रांनीच त्याची कोठी भरली आहे, असे पुष्कळ घरांत आढळून येईल. ती रिकामी करण्यास पैसे पडत नाहीत.

विद्यार्थिमित्रांनो, या सात ओळी क्षुल्लक आहेत. त्या येत असल्यामुळे कोणी मोठा शास्त्रज्ञ होत नाही. परंतु जे साधन आपण रोज वापरतो त्याच्या आत डोकावून पाहावे, आकडा मिळाला तर तो कशाच्या तुलनेत वाचावा हे विचारावे, आणि मगच बोलावे, ही सवय तुमच्या अंगी बाणली तर ती संगणक-कक्षाच्या बाहेरही उपयोगी पडेल. गावात विहिरीचे पाणी आटले, रस्त्याचे काम रखडले, बसगाडी रोज उशिरा आली, तरी तक्रारीसोबत तुम्ही माप घेऊन जाल. ज्याच्या हाती नोंदवही आहे त्याचे म्हणणे सहसा कोणास टाळता येत नाही. येत्या वर्षी आपल्या शाळेतील एकही संगणक न मोजता मोडीत निघणार नाही, एवढा निश्चय तुम्ही केलात, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.